सह्याद्रीहून तरुण मुंबईचा खडक

खारदांडा-वांद्र्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला उघडा पडणारा कातळ, अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आणि खंडाळ्याचा घाट, हे सारे ज्वालामुखीतून घडले. पण ते एकाच वेळी घडलेले नाही. हा फरक कळतो तो खडकातल्या खनिजकणांच्या वयावरून.

अशा मोजणीसाठी सर्वांत भरवशाचे खनिज म्हणजे झिरकॉन. त्याचा स्फटिक तयार होताना युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेतच नाही. पुढे युरेनियमचे ठरावीक वेगाने शिसे होत जाते. युरेनियम-२३८ निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. त्यामुळे कणातल्या शिशाच्या आणि युरेनियमच्या प्रमाणावरून त्याचे वय काढता येते. झिरकॉन चिवट असतो. डोंगर झिजून नदीच्या वाळूत गेला तरी कण टिकतो. म्हणूनच हिमालयातल्या वालुकाश्मांची वाळू मुळात कोणत्या प्रदेशातून आली, हे त्यातल्या कणांच्या वयावरून शोधले जाते.

सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये सिलिका कमी असल्याने झिरकॉन क्वचितच सापडतो. मात्र लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे असतात. त्यांतल्या काहींवर सिलिकायुक्त ज्वालामुखींची राख पडली आणि तिच्याबरोबर झिरकॉनही आला. प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी हे कण वेचून वये काढली आणि २०१५ व २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केली. सह्याद्रीतला बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, जेमतेम दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, असे त्यातून दिसले. डायनासोर नष्ट झाले तोही हाच काळ.

मुंबईच्या खडकांसाठी दुसरी पद्धत वापरली गेली. त्यांतल्या पोटॅशियमपासून आर्गॉन वायू तयार होतो आणि साचत राहतो; त्याच्या प्रमाणावरून वय काढतात. हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भुतानी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली वये अशी: साकीनाक्याचा ट्रॅकाइट हा ज्वालामुखी खडक ६.१८ कोटी वर्षे, मनोरीचा ६.०४ कोटी आणि गिल्बर्ट टेकडीचा बेसॉल्ट सुमारे ६.०५ कोटी वर्षे.

म्हणजे उपनगरातले हे खडक घाटमाथ्याच्या लाव्ह्यानंतर चाळीस-पन्नास लाख वर्षांनी जन्मले. सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटून पश्चिम किनारा घडत होता, त्या उलथापालथीशी त्यांचा संबंध जोडला जातो. खंडाळ्याचे थर जवळजवळ आडवे आहेत, तर मुंबईचे समुद्राकडे कललेले. गिल्बर्ट टेकडीचे बेसॉल्टचे उभे खांब घडले, तेव्हा डायनासोर पृथ्वीवरून केव्हाच नाहीसे झाले होते.