चालत शिकायचे गाणे

दिंडी म्हणजे गात चालणाऱ्यांचा संच. पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे रांगांनी टाळकरी, टाळकऱ्यांच्या साथीला मृदंगी, मग गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी आणि त्यामागे डोक्यावर तुळस किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया, अशी तिची मांडणी असते. युरोपातल्या शाळेचा गायनवृंद परदेशी निघतो तेव्हा महिनोन्‌महिने तालीम करून जातो, तिथे सभागृहात गातो आणि परततो. दिंडीत प्रवास, तालीम आणि गाणे ही तिन्ही कामे एकाच वेळी चालतात. समोर श्रोता नसतो. नवखा गायक इथे जे शिकतो ते पावलांबरोबर शिकतो.

बारामती तालुक्याने अशा दोन गात्या यात्रा जपल्या आहेत. पहिली मोरगावची. मोरया गोसावींच्या परंपरेतली मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून वर्षातून दोनदा, भाद्रपदात आणि माघात, कऱ्हाकाठच्या मयूरेश्वराला येते. मोरया गोसावी आणि त्यांच्या वंशजांनी रचलेली पदे या परंपरेत आजही म्हटली जातात. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही आरती समर्थ रामदासांना मोरगावीच सुचली, अशी परंपरेची समजूत आहे. दुसरी यात्रा आषाढी वारीची. तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला देहूचा पालखी सोहळा रोटी घाट ओलांडून उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी या मुक्कामांनी पुढे जातो. गाणे शिकण्याची रीत या दुसऱ्या यात्रेत अधिक उघडपणे दिसते.

दिंडीत नव्याने आलेला मुलगा आधी टाळ शिकतो. काशाच्या दोन जड वाट्या दोरीने जोडलेल्या असतात. दोन्ही वाट्या सपाट एकमेकींवर बसल्या की आत हवा कोंडते आणि आवाज बद्द येतो. म्हणून कडेला कड लागेल असा किंचित तिरका घाव घालायचा असतो. उघडा घाव घुमतो, दाबून धरलेला तुटक वाजतो. या दोहोंच्या फेरपालटातून भजनी ठेका उभा राहतो. पहिल्या दिवशी मनगट भरून येते आणि बोटांना दोरी काचते. पंधराएक किलोमीटरांच्या टप्प्यात टाळ सतत जोराने वाजवता येत नाही. जाणते टाळकरी हात छातीजवळ ठेवतात, कोपर हलू देत नाहीत आणि चढणीवर घाव हलका करतात. नवख्याला हे कोणी समजावून देत बसत नाही. त्याला शेवटच्या रांगेत, एखाद्या मुरलेल्या टाळकऱ्याशेजारी उभे करतात. तो शेजारच्या हाताकडे पाहत हात बसवतो.

मृदंगीचे काम त्याहून कठीण. दिंडीत पखवाजालाच मृदंग म्हणतात. त्याच्या उजव्या पुडीवर शाई असते, डाव्या पुडीला कणीक लावतात. उंडवडीकडचा पट्टा जिरायती आणि उघडा आहे. तिथल्या वाऱ्याने व उन्हाने कणीक वाळते आणि खर्ज हरवतो. मग विसाव्याला थांबले की पाण्याचा हात लावून ती मऊ करायची, किंवा काढून नवी लावायची. उलट पावसाची सर आली की कातडे ओले होऊन आवाज बसतो, म्हणून प्लास्टिकचे आच्छादन जवळ ठेवावे लागते. हे ओझे गळ्यात अडकवून चालायचे आणि दोन्ही हातांनी वाजवायचे असल्याने दिंडीत बदली मृदंगी ठेवतात.

सुराचा आधार वीणा. विणेकरी स्वरांची कसरत करत नाही, तारा छेडून षड्ज जागता ठेवतो. दिंडीत त्याचा मान मोठा. वीणा खाली ठेवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि घेणारा-देणारा एकमेकांच्या पाया पडतात. रस्त्यावर भोंगे, ट्रक आणि शेजारच्या दिंडीचे टाळ यांत वीणेचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून मागचे लोक सूर पुढच्यांच्या गळ्यातून उचलतात. पट्टी उंच असते, कारण मोकळ्या माळावर खालचा आवाज विरून जातो. पाश्चात्त्य वृंदात चार आवाजांचे चार वेगळे स्वरमार्ग कागदावर लिहिलेले असतात. दिंडीत सगळे एकच चाल म्हणतात. ज्याला पट्टी झेपत नाही तो सप्तक बदलून गातो.

गाण्याची देवघेव ओळीओळीने होते. चाल म्हणणारा अभंगाची ओळ उचलतो, बाकीचे तीच परत म्हणतात. ध्रुवपद पुन्हापुन्हा येत राहते, त्यामुळे ज्याला अभंग येत नाही त्यालाही पहिल्या दोन कडव्यांनंतर सामील होता येते. मोठ्या अभंगाची घडण याला सोयीची आहे. त्याच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात. शेवटचा चरण आखूड असल्याने तिथे श्वासाला जागा मिळते आणि मागच्यांना ओळ उचलायला उसंत.

दिवसाचा क्रम ठरलेला असतो. पहाटे काकडा होतो. सकाळच्या वाटचालीत भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळ, गौळणी येतात. त्या त्या वाराचे अभंग ठरलेले आहेत. संध्याकाळकडे हरिपाठ म्हणतात आणि मुक्कामी कीर्तन होते. अठरा-एकोणीस दिवस हा क्रम रोज होत असल्यामुळे पाठांतर वेगळे करावे लागत नाही. उंडवडीला चाचपडणारा मुलगा इंदापूरपर्यंत हरिपाठातले बरेचसे अभंग न अडखळता म्हणू लागतो.

या शिक्षणाला शाळाही आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथे विद्यार्थी चार वर्षांत ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन आणि गायन-वादन शिकतात. अशा मुलांची वारी म्हणजे वर्गात शिकलेले वाटेवर तपासून पाहणे. वर्गात ते बसून गातात. इथे चालताना, धुळीत, अर्धवट झोपेवर तीच चाल टिकवावी लागते.

बारामतीत पालखी शारदा प्रांगणात विसावते. दुसऱ्या दिवशी काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला आणि पुढे इंदापूरला गोल रिंगण असते. पताकाधारी, तुळसवाल्या बाया, विणेकरी आणि टाळकरी आपापल्या पाळीने धावतात, मग अश्व दौडतात. टाळकऱ्यांना धावतानाही ठेका सोडता येत नाही. रिंगण संपल्यावर पावल्या, फुगड्या, उड्या सुरू होतात. आपली दमछाक नेमकी किती होते हे नवख्याला इथे कळते.

शिस्त राखण्याचे काम चोपदारांचे. ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्यातली समाजआरतीची रीत प्रसिद्ध आहे. मुक्कामी दिंड्या गोलाकार जमतात, चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती आपले टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतो आणि निवाडा झाल्यावर आरती होते. समूहाने एकत्र गप्प होणे हाही गाण्याच्या शिक्षणाचाच भाग आहे.

बाहेरून आलेल्यांनीही वाटेवरची ही शाळा अनुभवली. फ्रेंच अभ्यासक फादर गी दलरी वारीत चालले आणि विठोबाच्या भक्तिपंथावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून निघाला. दि. बा. मोकाशींच्या ‘पालखी’ या वारीवरच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद फिलिप एंगब्लॉम या अमेरिकन अभ्यासकाने केला, तो १९८७ साली आला. महाराष्ट्रातल्या शाळांत आषाढीला बालदिंड्या निघतात. बहुतेक मुलांच्या हाती पहिला टाळ तिथेच येतो, मात्र तासाभराच्या मिरवणुकीत हात बसत नाही.

ज्याला हे गाणे समजून घ्यायचे आहे त्याने पालखीच्या रथाजवळच्या गर्दीत थांबू नये. बारामती ते इंदापूर या टप्प्यात एखादी दिंडी निवडावी, विणेकऱ्यांना विचारावे आणि शेवटच्या रांगेमागे चालावे. रांगांमध्ये शिरून फोनने चित्रण करू नये, त्याने पावलांचा ठेका तुटतो. टाळ मागायची घाई करू नये. आधी ध्रुवपद म्हणावे, मग टाळी द्यावी. हात बसला की शेजारचा टाळकरी आपणहून टाळ पुढे करतो.