नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे

मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर चेकनाक्यापाशी मुंबई संपते आणि ठाणे सुरू होते. रस्ता तोच, दोन्हीकडची वीज महावितरणचीच, रिक्षाचे भाडेही सारखेच. तरीही या रेषेच्या दोन बाजूंना राहणारी दोन कुटुंबे दोन वेगळ्या तिजोऱ्यांत पैसे भरतात आणि त्या तिजोऱ्यांतून त्यांच्या वाट्याला येणारेही वेगळे असते. मुलाचे लग्न ठरले, घर अपुरे पडू लागले, की आपल्याकडे पहिली चर्चा हीच होते: मुंबईत लहान घर घ्यायचे, की नाका ओलांडून ठाण्यात, मुंब्र्यात जरा मोठे? निर्णय बहुतेक वेळा चौरस फुटाच्या भावावर होतो. बाकीचा हिशेब राहायला गेल्यावर कळतो.

ही रेषा काही फार जुनी नाही. बृहन्मुंबईची हद्द मुलुंडपर्यंत आली ती १९५७ साली. पलीकडे ठाणे महानगरपालिका स्थापन झाली १ ऑक्टोबर १९८२ रोजी. पण एकदा हद्द पडली की तिच्यावर वसुली बसते, आणि मुलुंडच्या हद्दीवर ती वर्षानुवर्षे बसली होती जकातीच्या रूपाने.

ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना ट्रकच्या रांगा आठवत असतील. मुंबईत शिरणाऱ्या मालाला मुलुंडचे दोन नाके, ऐरोली, मानखुर्द आणि दहिसर येथे जकात भरावी लागे. कापड, भांडी, औषधे, फ्रिज, सगळ्यांवर. ठाण्याच्या दुकानातून घेतलेली वस्तू मुलुंडच्या घरी आणायची तर कायद्याने तिचीही पावती फाडायची होती. नवी गाडी घेणारे कितीतरी मुंबईकर म्हणून ठाण्याचा पत्ता शोधत आणि एमएच-०४चा नंबर घेऊन मुंबईत फिरत. पुढे १ एप्रिल २०१३ पासून ठाण्यात जकात जाऊन स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. तोही १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालची उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना माफ झाला. मुंबईत मात्र जकात चालूच होती. जवळजवळ दोन वर्षे नाक्यापलीकडच्या साध्या दुकानदाराला जकातही नव्हती आणि एलबीटीही नव्हता, आणि अलीकडच्या दुकानदाराचा माल मात्र जकात भरूनच येत होता.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात संपली. ट्रकच्या रांगाही संपल्या. गृहिणींना वाटले होते की आता मुलुंडमध्ये वस्तू स्वस्त होतील. तसे झाल्याचे कोणाच्या घरखर्चाच्या वहीत फारसे दिसले नाही. का, याचे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. जकात ही मुंबई महापालिकेची सर्वांत मोठी कमाई होती, वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास. ती गेल्यावर पालिकेला भरपाई देण्यासाठी राज्याने कायदा केला आणि त्या भरपाईत दरवर्षी ८ टक्के वाढ धरली. २०२५-२६च्या पालिकेच्या अर्थसंकल्पात ही रक्कम १४ हजार कोटींच्या वर आहे. म्हणजे नाका उठला, वसुली वाढतच गेली. फक्त ती आता ट्रकवाल्याकडून हद्दीवर न होता राज्याच्या तिजोरीतून होते, आणि त्या तिजोरीत साबणाच्या वडीपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक बिलावर ठाणेकर, नांदेडकर आणि रत्नागिरीकर सगळेच भर घालतात.

टोलचेही असेच झाले. मुंबईच्या वेशीवरचा टोल उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी सुरू झाला होता. २०२३ साली छोट्या गाडीचा दर ४५ रुपये झाला आणि १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना तो माफ झाला. ठाण्यात राहून मुंबईत स्वतःच्या गाडीने कामाला जाणाऱ्याची महिन्याची चांगली रक्कम वाचली. लोकलने जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, आणि आपल्यातले बहुतेक लोकलनेच जातात.

आता घराकडे येऊ, कारण खरा फरक तिथेच आहे. घर खरेदी करताना मुंबईत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि मेट्रोचा अधिभार १ टक्का, असे ६ टक्के लागते. ठाण्यात त्यावर स्थानिक संस्थेचा आणखी १ टक्का असतो, म्हणजे ७. समजा ६० लाखांचे घर आहे. मुलुंडमध्ये ३ लाख ६० हजार, नाक्यापलीकडे ४ लाख २० हजार. नोंदणी फी दोन्हीकडे १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. जे बँकेचे कर्ज घेतात त्यांना ही रक्कम मोठ्या आकड्यात हरवून जाते. पण व्याज टाळण्यासाठी जी कुटुंबे भिशी, दागिने, गावाकडची जमीन आणि आखातातल्या मुलाची बचत जमवून घर घेतात, त्यांना हे ६० हजार एकाच दिवशी रोख उभे करायचे असतात. त्यांच्यासाठी तो एक टक्का लहान नाही.

इथे एक सवलत आहे, जी आपल्या घरांत फार कमी वापरली जाते. १ एप्रिल २०२१ पासून राहते घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर शुल्क १ टक्क्याने कमी होते. नवरा-बायकोच्या जोडनावाला ती मिळत नाही. आई-मुलगी किंवा दोघी बहिणींच्या नावाला मिळते. आधी असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येत नसे, ती अटही २०२३ साली निघाली. ठाण्यात बायकोच्या नावाने घर घेतले तर मुंबईत पुरुषाच्या नावावर लागते तेवढेच शुल्क पडते. पैसे वाचतात आणि घरही तिच्या हक्काचे होते. या दुसऱ्या गोष्टीमुळेच काही घरांत ही सवलत नको असते, हेही सांगून टाकतो.

घरपट्टीत मुंबईचे पारडे जड आहे. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घराला मालमत्ता कर नाही. मुलुंडच्या चाळी-इमारतींतली किती घरे त्यात बसतात हे वेगळे सांगायला नको. ठाण्यात घर पाहताना विकणाऱ्याकडून मागच्या वर्षीचे कराचे बिल मागून घ्यावे आणि एकूण रकमेबरोबर त्यातले वेगवेगळे रकानेही वाचावेत.

कर कमी आणि पालिका श्रीमंत, असा हा मुंबईचा प्रकार आहे. २०२५-२६चा मुंबईचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, ठाण्याचा साडेपाच हजार कोटींच्या आसपास. २०११च्या जनगणनेच्या लोकसंख्येने भागले तर मुंबईत माणशी साधारण ६० हजार रुपये येतात, ठाण्यात ३० हजार. मुंबईचा बराच पैसा किनारी रस्ता आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता अशा मोठ्या कामांकडे जातो, तो काही सरळ आपल्या नळात किंवा दवाखान्यात येत नाही. तरी फरक जाणवतो. सायनच्या रुग्णालयात ठाणे-मुंब्र्याहून आलेले रुग्ण पाहिले की तो डोळ्यांना दिसतो.

पाण्यात तर जास्तच. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. तिथले पाणी मोठ्या जलवाहिन्यांनी ठाणे जिल्हा ओलांडून मुंबईत येते. त्याच जिल्ह्यात घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्या आणि दिव्याची वस्ती टँकरची वाट पाहते. टँकरचे बिल पाणीपट्टीत नसते, ते सोसायटीच्या मासिक खर्चात येते. म्हणून दोन शहरांच्या करांचा तक्ता मांडणाऱ्याला ते दिसतच नाही.

आखातात मुले असलेल्या घरांना हे गणित ओळखीचे वाटेल. सौदी अरेबिया आणि बहरीन हे एका लांब पुलाने जोडलेले शेजारी. पगारावर आयकर दोन्हीकडे नाही. पण सौदीत जुलै २०२० पासून खरेदीवर १५ टक्के व्हॅट आहे, बहरीनमध्ये जानेवारी २०२२ पासून १० टक्के. आणि सौदीत परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे २०१७ साली महिना १०० रियाल शुल्क बसले, ते दरवर्षी वाढत २०२० साली ४०० झाले. बायको आणि दोन मुले म्हटली की महिना १,२०० रियाल. ‘टॅक्स फ्री’ पगार तसाच राहिला, पण अनेकांना कुटुंब गावी परत पाठवावे लागले. एकट्या माणसाला परवडणारा देश कुटुंबाला परवडेनासा झाला. मुलुंड आणि ठाण्याचेही तेच: एकट्याने भाड्याने राहणाऱ्याला ठाणे स्वस्त, पण शाळेत जाणारी मुले, आजारी आई आणि सायन-दादरकडे नोकरी असलेल्या घराचा हिशेब वेगळा निघतो.

अर्थात आपल्या कुटुंबांना दोन बाजूंत मोकळी निवड असतेच असे नाही. २०२३ साली मुलुंडच्या एका इमारतीत मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ गाजला आणि महाराष्ट्रात संताप उसळला. मुस्लिम नावाने घर शोधणाऱ्यांना हा अनुभव नवा नव्हता. १९९२-९३च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबे मुंबई सोडून मुंब्र्यात गेली, ती कर किंवा भाव पाहून नव्हे. तिथे मागणी वाढली आणि बेकायदा इमारतीही वाढल्या.

त्यामुळे मुंब्रा-शीळ पट्ट्यात ‘स्वस्त’ या शब्दाची नीट चौकशी करावी लागते. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून शीळमधल्या बेकायदा इमारतींवर हातोडा पडला आणि त्यांत घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. अशा घरांचेही वीज बिल येत असते. घरपट्टीही येते, कारण पालिका बेकायदा बांधकामावरही कर आणि वर शास्ती आकारू शकते. विकणारा तीच पावती पुढे करतो आणि म्हणतो, ‘बघा, पालिकेत नोंद आहे.’ ती नोंद कराची असते, परवानगीची नसते. बयाणा देण्याआधी बांधकामाची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक मागा. नोटरीच्या कागदावर व्यवहार करू म्हणजे मुद्रांक शुल्क वाचेल, असे कोणी सांगितले तर त्या ७ टक्क्यांच्या बदल्यात तो काय लपवतो आहे, ते तिथेच विचारा.