लोअर केलेली गाडी रोज चालवणं: हिंगोली-औंढा रस्त्यावरचा दोन वर्षांचा हिशेब

मागचे काही एपिसोड झाले की एकच प्रश्न येतोय: "दादा, तुझी गाडी आता वर का दिसायलीय? लोअर केली होतीस ना?"

होय, केली होती. दोन वर्षं आणि वर एक पावसाळा तशीच चालवली. आता परत कंपनीच्या उंचीवर आणलीय. असं का झालं, ते आज सांगतो. ज्यांना ऐकायला रेंज मिळत नाही त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना आकडे घाईत निघून जातात, म्हणून ते इथे नीट मांडलेत.

आपली स्पोर्ट्स कार

दोन दारांची खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे कोण घेतंय? आपल्यासाठी स्पोर्ट्स कार म्हणजे टर्बो इंजिनची सेकंडहँड हॅचबॅक. माझीही तीच. एमएच 38 पासिंग, पेट्रोल, आधीच्या मालकाने जपलेली. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीची चूक नव्हती, माझी होती.

माझं गाव औंढा तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून चार किलोमीटर आत. काम हिंगोलीत. म्हणजे रोज आधी गावचा रस्ता, मग डांबरी, मग शहरातली गर्दी, आणि संध्याकाळी तेच उलटं. घरात गाडी ही एकच. मी ऑफिसला याच गाडीने जायचो, आईला दवाखान्यात नेणं असो की लग्नाला पाच जण कोंबणं असो, त्यालाही हीच. "डेली ड्रायव्हर" म्हणतात ती ही.

गाडी खाली का करतात?

दिसते भारी, हे आधी मान्य करून टाकू. टायर आणि मडगार्डमधली मोकळी जागा गेली की गाडी एकदम दबा धरून बसल्यासारखी वाटते.

पण यामागे शास्त्रही आहे. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकणार हे गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती वर आहे यावर ठरतं. तो खाली आला की सरकणारं वजन कमी होतं आणि चारही टायर जास्त सारखे काम करतात.

आता आकडे बघा. हॅचबॅकचा गुरुत्वमध्य साधारण 55 सेंमीवर धरू. मी गाडी 4 सेंमी खाली केली. म्हणजे वळणावरचा फायदा झाला साधारण 7 टक्के.

खालची मोकळी जागा, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, मी टेपने मोजली होती. आधी 16.5 सेंमी, नंतर 12.5. म्हणजे तोटा 24 टक्के.

तिसरा आकडा कुणीच सांगत नाही. खड्ड्यात चाक वर जातं तेव्हा स्प्रिंग दबायला ठरावीकच जागा असते. ती संपली की शॉकअपवरचा रबरी ठोकळा लागतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. ही जागा 8 सेंमी धरली आणि गाडी 4 सेंमी खाली आणली, तर निम्मी जागा गाडी उभी असतानाच संपली. तोटा 50 टक्के.

7 टक्के कमावले, त्यासाठी 24 टक्के क्लिअरन्स आणि 50 टक्के स्प्रिंगची जागा दिली. रेसच्या ट्रॅकवर हा सौदा परवडतो, कारण तिथे खड्डेच नसतात. हिंगोलीत मला तो परवडला नाही. पण हा हिशेब मी तेव्हा केलाच नव्हता. फोटो बघितले आणि गाडी घेऊन गेलो.

स्प्रिंग कापली म्हणजे काय झालं

लोअर करायचे दोन रस्ते असतात. एक, त्या गाडीसाठी बनवलेल्या आखूड आणि कडक स्प्रिंग, सोबत जुळणारे शॉकअप. हे महाग. दुसरा, आहे ती स्प्रिंग ग्राइंडरने कापायची. हे स्वस्त. मी दुसरा धरला.

स्प्रिंगचे सहा वेढे काम करत असतील आणि एक कापला, तर ती जवळपास 20 टक्के कडक होते. दबायची जागा मात्र निम्मी झालेली. 20 टक्के जास्त कडकपणाने ती भरून निघत नाही. म्हणून कापलेल्या स्प्रिंगची गाडी दोन्हीकडून त्रास देते: छोट्या खड्ड्यात कडक लागते, मोठ्या खड्ड्यात ठोकळ्यावर आपटते. शिवाय काही स्प्रिंगचं टोक कपात बसेल असं घडवलेलं असतं. तेच कापलं तर चाक हवेत लोंबल्यावर स्प्रिंग जागेवरून सरकायची भीती.

टायरचंही ऐका. गाडी खाली आली की चाकांचा कोन बदलतो, वरची बाजू आत झुकते. मी अलाइनमेंट लगेच केलं नाही. टायर बाहेरून नवेकोरे दिसायचे आणि आतल्या कडेला गुळगुळीत झाले होते. ते मला पंक्चर काढणाऱ्याने दाखवलं.

गतिरोधकाची उंची नाही, आकार बघा

आता सगळ्यात कामाचा भाग. इंडियन रोड्स काँग्रेस देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवते. त्यांच्या आयआरसी 99 मध्ये ताशी 25 किमी वेगासाठीचा गतिरोधक दिलाय: रुंदी 3.7 मीटर, मधोमध उंची 10 सेंमी, कमान 17 मीटर त्रिज्येची.

माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण अडीच मीटर अंतर. गतिरोधक 3.7 मीटर रुंद असेल तर गाडी मधोमध असताना चारही चाकं त्याच्यावरच चढलेली असतात. म्हणजे गाडीही वर उचललेली असते. गणित केलं तर पोटाखाली 5 सेंमीसुद्धा जागा लागत नाही. माझी लोअर केलेली गाडी तिथून आरामात जाईल.

आता आपल्या गावातला बघा. मी एक टेपने मोजला: रुंदी दीड फूट, उंची सहा इंच. पुढची चाकं उतरून गेली, मागची अजून चढलीच नाहीत, आणि मधे 15 सेंमीचा डोंगर थेट पोटाखाली. माझ्याकडे जागा 12.5. त्यात चार माणसं बसली की गाडी अजून तीनेक सेंमी दबते. मग खर्रर्र आवाज येणारच.

म्हणून कुणी म्हणालं "आमच्याकडचे गतिरोधक लई उंच आहेत", तर आधी रुंदी विचारा. खरा दोष अरुंदपणात असतो. नियमाने त्याच्या आधी 40 मीटरवर सूचनाफलक आणि वर काळेपांढरे पट्टे लागतात. रात्री पट्टे नसलेला गतिरोधक लोअर गाडीला कळतो तोपर्यंत उशीर झालेला असतो.

काळी माती आणि चाकोरी

गतिरोधक निदान एका जागी असतात, ते पाठ होतात. गावचा रस्ता पाठ होत नाही, कारण तो हलतो. आपली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर डांबर असो की मुरूम, खालची जमीन दरवर्षी वरखाली होत राहते. जून महिन्यात सपाट असलेला रस्ता दिवाळीला लाटांसारखा होतो.

त्यात हंगामाची वाहतूक. सोयाबीन, ऊस, हळद, सगळं ट्रॅक्टर-ट्रॉलीने जातं. चाकांच्या दोन चाकोऱ्या खोल होतात आणि मधला पट्टा उंच राहतो. आपली गाडी चाकोरीत उतरली की मधला उंचवटा नांगरासारखा पोटाला लागतो. उपाय एकच: चाकोरीत जायचंच नाही. एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची कडेला ठेवायची. शाळेत "चाकोरीबाहेर" हा शब्द निबंधात लिहायचो, इथे तो शब्दशः करावा लागला.

दोन वर्षांत शिकलेल्या गोष्टी

ज्यांची गाडी आधीच खाली आहे त्यांनी एवढं कराच.

एक, अरुंद गतिरोधक तिरका ओलांडा. एकेक चाक चढतं आणि पोट अचानक मधे अडकत नाही. पण मागे-पुढे गाडी नाही हे बघूनच.

दोन, ब्रेक आधी दाबा आणि गतिरोधकाला टेकायच्या आधी सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली जातं, नेमकं तेव्हाच बंपर लागतो.

तीन, गाडी घासली की पुढे जाऊन थांबा आणि खाली वाकून बघा. ऑइलचा थेंब दिसला किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद. "घरापर्यंत नेतो" म्हणणाऱ्याचं इंजिन जाम होतं.

चार, चेंबर गार्ड बसवा. पण तो गार्डही एक-दोन सेंमी जागा खातो, हे लक्षात ठेवा.

पाच, साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका. खाली काय आहे ते दिसत नाही.

पाचवा नियम मला माहीत होता, तरी एका रात्री मोडावा लागला.

ती रात्र

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला बाबांच्या कमरेतून कळ निघाली. मुतखड्याचा त्रास त्यांना आधीपासून होता, पण असं विव्हळताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी, आई, काका आणि बाबा, चौघे निघालो. पाऊस चालूच.

ज्याला मुतखड्याची कळ आलीय त्याला प्रत्येक धक्का कसा लागतो हे मला त्या रात्री कळलं. गाडी दर खड्ड्यात ठोकळ्यावर आपटत होती आणि मागून आवाज येत होता. हळू जावं तर वेळ जातो, जोरात जावं तर धक्के. गावाबाहेर दीड किलोमीटरवर रस्त्यावर पाणी साचलेलं. चाकोरी कुठे, उंचवटा कुठे, काहीच दिसेना. घातली गाडी. खाडकन आवाज आला. थोडं पुढे जाऊन लाल दिवा लागला. चेंबर फुटलं होतं.

शेजारच्यांना फोन केला. त्यांचा हळदीची पोती नेणारा पिकअप आला. बाबा आणि आई पुढे बसले, मी आणि काका मागे ताडपत्री धरून. त्याच पाण्यातून पिकअप सरळ गेला, कुठेही टेकला नाही. हिंगोलीत पोचलो, इंजेक्शन दिलं, पहाटे बाबांना झोप लागली. पुढे खडा निघाला, आता ते बरे आहेत.

मला वाटलं होतं बाबा रागावतील. ते काहीच बोलले नाहीत. गाडी दुरुस्त होऊन आली, आणि पुढच्या वेळी त्यांना औंढ्याला जायचं होतं तेव्हा मी म्हणालो, "चला, सोडतो."

"नको. मी जातो एसटीनं."

"बाबा, गाडी आहे ना दारात."

"एसटी खाली टेकत नाही."

चिडून बोलले नाहीत, हवामान सांगावं तसं बोलले. आणि मग दर वेळी एसटीच. मी दारात गाडी धुतोय आणि बाबा पिशवी घेऊन फाट्यापर्यंत चालत चाललेत. हे चार महिने चाललं.

कायदाही ऐकून ठेवा

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे: नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील मूळ गाडीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे कडकपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

मित्र म्हणतात, "आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकानाच नाही, कोण बघतंय?" खरंय, रकाना नाही. पण कंपनीने ज्या गाडीची मंजुरी घेतली तिची स्प्रिंग कापलेली नव्हती. अपघात झाल्यावर विम्याच्या माणसाने चाकाखाली वाकून बघितलं तर त्याला काय सांगणार, हे आधी ठरवून ठेवा.

आता काय केलंय

कापलेल्या स्प्रिंग भंगारात दिल्या. कंपनीच्या स्प्रिंग, चारही शॉकअप नवीन, चांगले टायर, अलाइनमेंट. गंमत अशी की वळणावर गाडी आता कापलेल्या स्प्रिंगपेक्षा जास्त विश्वासाने चालते. कारण टायर रस्त्याला धरून राहतो, उड्या मारत नाही. गाडी चांगली चालावी असं खरंच वाटत असेल तर पैसे आधी टायर आणि शॉकअपला घाला, उंचीला शेवटी हात लावा.

दिसायला? नाही, तेवढी भारी दिसत नाही. पार्किंगमध्ये मागे वळून बघायची सवय कमी झालीय, हे कबूल करतो. ज्याच्याकडे घरात दुसरी गाडी आहे, रोजचा रस्ता सिमेंटचा आहे, आणि जो नीट बनवलेल्या स्प्रिंग बसवेल, त्याला मी अडवणार नाही. एकच गाडी असलेल्याने मात्र आधी घरातल्या सगळ्यांना बसवून, गावच्या सगळ्यात वाईट गतिरोधकावरून एक चक्कर मारावी.

मागच्या महिन्यात वसमतच्या मार्केटला हळदीचा भाव बघायला जायचं होतं. बाबा स्वतःच पुढच्या सीटवर येऊन बसले. पहिल्या गतिरोधकाला त्यांनी वरचं हँडल घट्ट धरलं. तिसऱ्याला सोडलं.

बरं, आता तुमचं काम. तुमच्या गावातला सगळ्यात त्रासदायक गतिरोधक टेपने मोजा, रुंदी आणि उंची दोन्ही, आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये सगळ्यांचे आकडे वाचून दाखवतो. भेटू!