मागल्या जन्माची आठवण आणि वीस पैलूंचा फासा

कॉलेजात शिकणारा नातू सुटीत घरी येतो. चार मित्र जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, मध्ये हाताने काढलेला नकाशा पसरला जातो, विचित्र आकाराचे फासे खुळखुळतात आणि त्यांतला एक जण गंभीर स्वरात म्हणतो, ‘‘मागच्या जन्मी मी या किल्ल्याची राणी होते. या भिंतीमागे वाट आहे, मला आठवते.’’ शेजारच्या खोलीत जप करीत बसलेल्या आजीने यातून काय समजावे? मुलाचे डोके फिरले, की खरोखरच काही जन्मांतरीचे बाहेर आले? पांढरकवड्याच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आता अधूनमधून येतो. याच्या उलटही घडते. घरातल्या वृद्धाला खरा भ्रम झालेला असतो आणि ‘मागचा जन्म आठवतो आहे’ असे म्हणून घरचे निवांत राहतात. पहिल्या प्रसंगात काळजीचे कारण बहुधा नसते. दुसऱ्यात उशीर जिवावर बेतू शकतो. म्हणून वाचकहो, दोन्ही गोष्टी एकत्र मांडतो.

आधी खेळाविषयी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. एक खेळाडू सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि बोलत बोलत गोष्ट पुढे नेतात. बेत फसेल की साधेल याचा निवाडा वीस पैलूंचा फासा करतो. यात रूढ अर्थाने कोणी जिंकत वा हरत नाही. पात्र मेले, तर पुनर्जन्माचा मंत्र असतो. तो मूळ पुस्तिकांतही होता. २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत एक ते शंभर यांमधला आकडा फाशांनी काढून नवा देह ठरवतात, पण जुन्या आयुष्याची आठवण नव्या देहात शाबूत राहते. मुलांना गोडी वाटते ती याच आठवणीची. कालपर्यंत धिप्पाड योद्धा असलेला आज बुटक्या देहात जागा होतो आणि जुन्या शत्रूला ओळखतो; शत्रू मात्र त्याला ओळखत नाही.

आपल्या पिढीला यात नवल वाटण्याचे कारण नाही. पूर्वजन्म आठवणाऱ्याला संस्कृतात ‘जातिस्मर’ असा शब्दच आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त एक पोपट राजा शूद्रकाला कथा सांगतो आणि शेवटी उलगडते ते हे, की पोपट आणि राजा हे दोघेही त्याच कथेतली माणसे आहेत, जन्म बदलून आलेली. नॉव्हेलला आपण मराठीत जो शब्द वापरतो, तो याच ग्रंथाच्या नावावरून आला. पटावरचा पुनर्जन्मही आपल्या घरचाच. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या मोक्षपटात कवड्या टाकून जन्मापासून मोक्षापर्यंत सोंगटी न्यायची असते. सद्गुणांच्या शिड्या वर चढवतात, दुर्गुणांचे साप खाली आणतात. फरक इतकाच, की मोक्षपटावरची सोंगटी घसरली की मागचे काही तिच्याजवळ उरत नाही. नातवाच्या पात्राजवळ ते सगळे उरते, आणि त्याची गोष्ट तेथूनच सुरू होते.

आठवणीचा विषय निघाला की विदर्भातील जाणत्या वाचकांना नागपूरची शारदा आठवेल. नागपूर विद्यापीठात शिकवणारी, तिशी ओलांडलेली एक मराठी स्त्री १९७४च्या सुमारास अधूनमधून बंगाली बोलू लागली. त्या अवस्थेत ती स्वतःला शारदा म्हणवी, एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमध्ये वावरत असल्यासारखी वागे, घरच्यांना ओळखत नसे आणि साप चावल्याचे सांगे. व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून १९८४च्या आपल्या ग्रंथात ते सविस्तर मांडले. पुण्याचे मानसशास्त्रज्ञ वि. वि. अकोलकर यांनीही त्यावर वर्षानुवर्षे काम केले. स्टीव्हन्सन यांना ते पुनर्जन्माच्या दिशेने बोट दाखवणारे वाटले. उलट बाजूच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले ते याकडे, की बंगाली लिपीशी तिची पूर्वी थोडी ओळख झाली होती आणि मराठी व बंगाली या सख्ख्या नसल्या तरी बहिणीच आहेत. मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर. पुनर्जन्म आहे की नाही याचा निकाल स्टेथोस्कोप देत नाही, आणि वाचकांच्या श्रद्धेला हात घालण्याचा माझा विचारही नाही. मला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ऐकलेले, वाचलेले, पाहिलेले पुष्कळ काही आपल्या नकळत मेंदूत साठून राहते आणि कुठून आले हे विसरून आपलेच म्हणून वर येते.

याचा एक प्रसंग जवळून पाहिला आहे. आमच्या तालुक्यातल्या एका गावाहून ७८ वर्षांच्या आजींना बैलगाडीने फाट्यापर्यंत आणि पुढे ऑटोने आणले गेले. दोन दिवसांपासून त्या केवळ तेलुगू बोलत होत्या. साठ वर्षांच्या संसारात कोणी त्यांच्या तोंडून तेलुगूचा शब्द ऐकला नव्हता. गावात ‘मागच्या जन्माची तेलंगीण’ अशी बोलवा झाली होती आणि नारळ फुटून गेले होते. चौकशीत त्यांच्या धाकट्या बहिणीने सांगितले, की त्यांचे बालपण पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला गेले आणि वयाच्या नऊ-दहा वर्षांपर्यंत त्या शेजारच्या मुलींशी तेलुगूतच खेळत. आजींच्या रक्तातले सोडियम फार घसरले होते. रक्तदाबासाठी त्या लघवी वाढवणारी गोळी घेत होत्या, त्यात उन्हाळा आणि चार दिवसांची हगवण. यवतमाळला भरती करून सोडियम सावकाश सुधारले, तशी मराठी परत आली. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ सालीच नोंदवून ठेवले होते, की स्मृती ढासळताना नवे आधी जाते, जुने टिकून राहते. बालपणीची भाषा ही त्या घराच्या पायातली चिरेबंदी.

तेव्हा वृद्ध माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक वेगळेच बोलू लागला, माणसे ओळखेनासा झाला, संध्याकाळी अधिक बिघडू लागला, तर जन्मांतराची चर्चा नंतर करा. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, घसरलेली साखर, कमी सोडियम, आमच्याकडच्या मे महिन्यातला उष्माघात, तुंबलेली लघवी, झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या, तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पडून डोक्याला लागलेला आणि विसरून गेलेला मार, यांतले काहीही त्यामागे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सोबत सगळ्या गोळ्यांची पिशवी घ्या, ‘साधी आहे’ म्हणून वगळलेलीही. मधुमेही असेल, तर घरातल्या ग्लुकोमीटरवर साखर तेव्हाच पाहा.

खेळ आणि आजार यांतला भेद ओळखण्याची एक घरगुती रीत मी सांगत असतो. पात्रात रंगलेल्या नातवाला हाक मारून विचारा, ‘‘चहा घेतोस का रे?’’ राणी तत्काळ नातू होते आणि साखर कमी टाकायला सांगते. भ्रमातल्या माणसाला असे उतरता येत नाही. तरुण मुलालाही ते साधेनासे झाले, झोप उडाली, जेवण सुटले, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर खेळाला दोष न देता मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

संमोहनाने पूर्वजन्मात नेऊन गुडघेदुखी किंवा नैराश्य बरे करण्याच्या जाहिराती वाचकांनी पाहिल्या असतील. निकोलस स्पॅनोस या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिले, की पूर्वजन्म कसा असतो याविषयी आधी जे कानावर घातले जाते, तसाच पूर्वजन्म लोकांना संमोहनात ‘आठवतो’. टेबलावरच्या मुलांना आपण गोष्ट रचत आहोत हे ठाऊक असते. पैसे मोजून खुर्चीत बसलेल्याला ते ठाऊक नसते. मला या दोहोंत मुलांचा खेळ अधिक प्रामाणिक वाटतो.

आता आजी-आजोबांनी त्यात बसावे का? जरूर बसावे. न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. खेळामुळेच ते टळले असे त्यावरून सिद्ध होत नाही, पण गमावण्यासारखेही काही नाही. शिवाय त्या टेबलावर मागचे आयुष्य खरोखर असलेले माणूस आपणच. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, जिनिंगमध्ये सरकी उडताना खोकलेली, एकाधिकार योजनेच्या काळात कापसाच्या गाड्यांच्या रांगेत रात्र काढलेली व्यक्ती ‘मागचा जन्म आठवणारी’ भूमिका घेईल, तर मुलांच्या राण्या फिक्या पडतील. अमेरिकी वृद्धमानसतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले, की म्हातारपणी मागचे उगाळणे हा चाळा नसून आयुष्याचा हिशेब मांडण्याचे स्वाभाविक काम आहे. सरळ विचारले तर ‘काय सांगायचे त्यात’ म्हणणारी माणसे पात्राच्या आडून भरभरून बोलतात.

एका ठिकाणी मात्र सावध राहावे. आपल्या जिल्ह्यात अकाली गेलेल्या कर्त्या मुलाचा फोटो भिंतीवर असलेली घरे पुष्कळ आहेत. अशा घरात नातवाने ‘मी मरून परत आलो आहे, मला माझे घर आठवते’ हे पात्र उभे केले, तर आजीच्या काळजाचे काय होईल, याचा विचार त्याने आधी करावा आणि तिला विचारून घ्यावे. काही जणींना त्यातून रडायला वाट मिळते. काहींना ते सोसत नाही. कोणीही हात वर केला की गोष्ट तेथेच थांबेल, असा संकेत पहिल्या दिवशी ठरवून टाकावा. स्मृतिभ्रंश झालेल्या आईपुढे तर ‘मीच तुझा गेलेला मुलगा’ असे सोंग कदापि नको. तिने स्वतःहून एखाद्याला त्या नावाने हाक मारली, तर वाद न घालता ‘‘त्याला काय आवडायचे खायला?’’ असे विचारावे. नेओमी फाइल यांनी शुश्रूषेत रुजवलेली पद्धत अशीच आहे: माणसाची भावना खरी धरायची. त्याला फसवायचे मात्र नाही, ही पुस्ती माझी.

सोंग चढवण्याइतकेच ते उतरवण्याला महत्त्व असते, हे आमच्या शेजारच्या आदिलाबादकडील गोंडांना चांगले ठाऊक आहे. दिवाळीतल्या दंडारीत मोरपिसांचा भरगच्च टोप घातलेल्या गुस्साडीला देवाचा मान मिळतो आणि सण संपला की विधिपूर्वक तो साज उतरतो. हे नृत्य पुढे नेणारे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. टेबलावरही असाच उतार असावा: फासे डबीत गेले की प्रत्येकाने एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारावी आणि आजोबांनी उठून दोन फेऱ्या घालाव्यात. हा खेळ सहज तीन-चार तास चालतो. पाय लोंबकळत ठेवून इतका वेळ बसल्यास सूज येते, म्हणून दर अर्ध्या तासाला उठणे, ऐकण्याचे यंत्र कानात असणे, दिवा डोक्यावर नव्हे तर पटावर असणे आणि आकडे मोठे कोरलेले फासे मागवणे, एवढी तयारी पुरे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ सूत्रधाराला आधीच सांगून ठेवावी. राक्षस समोर उभा असला तरी त्या वेळी तो थांबेल.