ब्रॉयलर विकायला, गावरान राखायला



आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ म्हटले की हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आधी आठवते. आज त्या गावाच्या निमित्ताने तुमच्या परसाविषयी बोलू. महाळुंगे पडवळ असो, घोडेगाव असो की जुन्नरकडची एखादी वाडी असो, दारापुढे पाच-दहा गावरान कोंबड्या असतातच. त्यांची अंडी म्हणजे घरधनिणीचा हक्काचा पैसा. पोराची वही, मिठा-तेलाचा किरकोळ खर्च त्यातून भागतो. अलीकडे पुष्कळ घरी विचार येतो, ‘याच परसात पन्नास ब्रॉयलर पिल्ले सोडली तर?’ विचार चांगला आहे. पण दोन्ही एकाच खुराड्यात कोंडाल, तर नफा राहील बाजूला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा कळपही हातचा जाईल.

दोघींचा स्वभाव वेगळा

ब्रॉयलर परकी वाटली तरी तिच्या अंगात आपलेही रक्त आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात आपल्याकडील असील कोंबड्यांच्या संकरातून भरदार छातीची कॉर्निश जात तयार झाली. तिचा अमेरिकेतील पांढऱ्या प्लायमाउथ रॉकशी संकर होऊन आजच्या ब्रॉयलरचा पाया पडला. मात्र आज तिची सारी ताकद मांस वाढवण्यात जाते. चांगल्या खाद्यावर ती सहा आठवड्यांत दोन किलो भरते. गावरान कोंबड्याला दीड किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात.

उलट, गावरान कोंबडी उकिरडा उकरून, किडे-दाणे टिपून आपले पोट बरेचसे आपणच भरते. घार दिसताच पिल्लांना पंखाखाली घेते. वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि खुडूक बसून एकवीस दिवसांत दहा-बारा पिल्ले काढते. ब्रॉयलर हे करीत नाही. तिची पिल्लेही तिच्यासारखी निपजत नाहीत. संकरित बाजरीचे बी दरसाल विकत आणावे लागते, तसेच हे आहे. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले, त्याबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली. खुडूक बसणारी कोंबडी हेही घरचे बियाणेच आहे, हे विसरू नका.

खुराडी दोन, वाटाही दोन

मोठ्या गावरान कोंबड्या वरून धडधाकट दिसल्या तरी त्यांच्या अंगात रोगाचे जंतू असू शकतात. कोवळ्या ब्रॉयलर पिल्लांना ते सोसत नाहीत. बाहेरून आणलेल्या पिल्लांबरोबर आलेला रोगही गावरान कळपात शिरतो. म्हणून ब्रॉयलरचे खुराडे शक्य तितके लांब, निदान चाळीस-पन्नास फुटांवर असावे. रोज आधी ब्रॉयलरचे दाणापाणी करावे, मग गावरान कोंबड्यांचे. दोन्हीकडची भांडी वेगळी ठेवावीत, हातपाय धुवावेत. बाजारात न विकलेली कोंबडी पुन्हा कळपात सोडू नये.

पन्नास पक्ष्यांना मोठेपणी पन्नास चौरस फूट जागा हवी. खाली भाताच्या तुसाची कोरडी गादी घाला. ओल राहिली की रक्ती हगवण आलीच. पहिल्या आठवड्यात पिल्लांपाशी साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब असावी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करावी. पन्नास पिल्लांना शंभर वॅटचा एक दिवा पुरतो. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते, दूर पळाली तर उकडते, असे समजावे.

ब्रॉयलरचे खाद्य गावरान कोंबड्यांना घालू नका. ते महाग असते आणि त्यात कधी औषधही मिसळलेले असते. गावरानची अंडी आपलीच मुले खातात.

मानमोडीची लस चुकवू नका

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, शिरली तर लस न टोचलेला कळप चार-आठ दिवसांत साफ होतो. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची लस आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा लासोटा द्यावी. गावरान तलंगांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लस टोचून घ्यावी. लसीची कुपी शेकडो पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. एकट्याला ती परवडत नाही म्हणून घरे लस टाळतात. आळीतल्या दहा घरांनी एकच सकाळ ठरवावी, बर्फाच्या डब्यातून लस आणावी आणि सगळ्यांच्या कोंबड्या उरकाव्यात.

एकाएकी बरेच पक्षी मेले तर ते विकू नका, ओढ्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा मोठ्या फार्मांबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या.

बिबट्याचे भान

आपल्या भागात उसाच्या फडात बिबट्या राहतो, हे सांगायला नको. कापलेल्या कोंबड्यांची आतडी-पिसे घरामागे टाकली की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. घाण खोल खड्ड्यात पुरा. ब्रॉयलर पळू शकत नाही, तिला मुंगूससुद्धा पुरे. खुराड्याला बारीक जाळी आणि पक्के दार हवे. तिन्हीसांजेच्या आत कोंबड्या कोंडा. अंधारात दार लावायला मुलांना पाठवू नका.

हिशेब आणि हंगाम

दोन किलोचे पन्नास पक्षी म्हणजे शंभर किलो वजन. त्याला साधारण पावणेदोनशे किलो खाद्य लागते. पन्नास किलोची चार पोती धरून चाला. त्यात पिल्ले, लस, वीज आणि दोन-तीन मरतील ती मिळवा. एवढी बेरीज करूनच विकण्याचा भाव ठरवा.

वेळही साधा. आखाडात गिऱ्हाईक असते, श्रावणात ते रोडावते. म्हणून आखाडाच्या सहा आठवडे आधी पिल्ले आणावीत. त्या वेळी उन्हाची धग लहान पिल्लांना बाधत नाही, मोठी होईपर्यंत पावसाळा लागतो. चैत्रातल्या यात्रेसाठी मात्र जपून, कारण भरलेली ब्रॉयलर उन्हाने धापा टाकत मरते. छपरावर पाचट घाला, पाणी सावलीत ठेवा. सगळे पक्षी एकदम विका, तूस काढा, चुना मारा आणि दोन आठवडे खुराडे रिकामे ठेवा.

ताईंनो, ब्रॉयलरचा पैसा एकरकमी दिसतो, म्हणून गावरान विकून जागा करण्याचा मोह होईल. तो आवरा. ब्रॉयलरचा एखादा फेरा तोट्यात गेला तर पुढच्या फेऱ्यात भरून काढता येतो. चार चांगल्या खुडूक बसणाऱ्या कोंबड्या आणि एक तरतरीत कोंबडा कोणत्याही भावाला विकू नका.