तबकडी बिघडली की ड्राइव्ह?

लग्नसमारंभाची, बारशाची, मुंजीची छायाचित्रे स्टुडिओवाले २००० नंतरच्या दशकात सीडीवर देत असत. त्या सीडी आजही अनेकांच्या कपाटात आहेत. मात्र नव्या लॅपटॉपमध्ये त्या वाचणारा ड्राइव्ह बहुधा नसतो. मग यूएसबीला जोडायचा बाह्य ड्राइव्ह आणला जातो, तबकडी आत सरकते, थोडी घरघर होते आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. दोष कोणाचा, हे चित्रमय पडदा सांगत नाही. लिनक्स प्रणालीची कमांड लाइन मात्र बरेच काही सांगते.

टर्मिनलमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली, की प्रणालीच्या गाभ्याने केलेल्या नोंदी दिसतात. (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या.) ड्राइव्ह ओळखला गेला असेल, तर त्याचे नाव व ‘एसआर०’ ही खूण तेथे आढळते. काहीच नोंद नसेल, तर आधी केबल व पोर्ट बदलून पाहावे. ड्राइव्ह जोडला गेला आणि लगेच तुटला, असे वारंवार दिसत असेल, तर वीज अपुरी पडत असण्याचा संभव मोठा. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअरची, आणि तबकडी फिरू लागताना मोटारीला त्याहून अधिक लागू शकते. अशा वेळी हब टाळून ड्राइव्ह थेट संगणकाला जोडावा.

ड्राइव्ह सापडतो, पण ‘नो मीडियम फाउंड’ असे उत्तर येते, तेव्हा विकत घेतलेली एखादी चांगली सीडी आणि एक डीव्हीडी घालून पाहावी. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेसरने वाचली जाते, डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या. त्यामुळे डीव्हीडी सुरळीत चालतात आणि एकही सीडी चालत नाही, असे घडू शकते. तेव्हा दोष ड्राइव्हच्या लेसरचा असतो, घरच्या सीडीचा नव्हे.

‘मीडियम एरर’ आणि सोबत सेक्टरचा क्रमांक आला, की संशय तबकडीवर जातो. येथे एक फसगत संभवते. गाण्यांच्या सीडीवर फाइल-व्यवस्थाच नसते, म्हणून ती ‘माउंट’ होत नाही. व्हीसीडीच्या सेक्टरची रचना निराळी असल्याने तीही साध्या नकलेला दाद देत नाही. हा बिघाड नव्हे. त्यांच्यासाठी ‘सीडीआरडाओ’सारखी साधने आहेत.

छायाचित्रांची सीडी खरोखरच खराब झाली असेल, तर मऊ कापडाने ती मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसल्यास ओरखडा माहितीच्या रेषेलाच समांतर जातो आणि चूक-दुरुस्तीची यंत्रणा हतबल होते. त्यानंतर फाइली एकेक ओढून उतरवण्याच्या फंदात पडू नये. ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन प्रथम सुस्थितीतील भाग उतरवते, अडणारा भाग मागे ठेवते आणि काय मिळाले, काय राहिले याचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये लिहिते. सेक्टरचा आकार २०४८ बाइट सांगावा. पहिल्या फेरीत ‘-एन’ हा पर्याय द्यावा, म्हणजे ते अवघड जागी रेंगाळत नाही. दुसऱ्या फेरीत ‘-आर३’ दिल्यास उरलेल्या सेक्टरसाठी तीन फेरप्रयत्न होतात.

खरी गंमत त्या नकाशाची आहे. एका ड्राइव्हला न वाचता आलेला सेक्टर दुसऱ्याला वाचता येतो, असा अनुभव नेहमीचा. शेजाऱ्याकडचा जुना ड्राइव्ह जोडून तीच प्रतिमा-फाइल व तोच नकाशा दिला, की काम जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू होते.

८० मिनिटांच्या सीडीवर ३ लाख ६० हजार सेक्टर असतात. त्यांतले पन्नास अखेरपर्यंत हाती लागले नाहीत, तरी हानी १०० किलोबाइटची. तयार झालेली प्रतिमा-फाइल हार्ड डिस्कवरूनच माउंट करता येते. एखाद्या छायाचित्राचा खालचा भाग करडा दिसतो, बाकीची उघडतात.