फियाट ११०० आणि डीसी अवंती यांची तुलना

फियाट ११०० ही मुंबईतील कुर्ला येथे, तर डीसी अवंती ही पुण्याजवळ तयार झालेली मोटार आहे. पहिली कुटुंबासाठी बनवलेली चार दारांची प्रवासी मोटार, तर दुसरी दोन आसनांची स्पोर्ट्स कार आहे. दोन्हींमध्ये इंजिनाची शक्ती मागील चाकांना मिळते. अर्ध्या शतकात मोटार अभियांत्रिकीत काय बदलले, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तिने १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ बाजारात आणली. पुढे हीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली गेली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून परिचित झाली. अवंतीची रचना दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीने केली. २०१२ मध्ये नवी दिल्लीतील ऑटो एक्स्पो प्रदर्शनात ती प्रथम सादर झाली.

इंजिन व रचना

फियाटचे १,०८९ सीसी क्षमतेचे इंजिन पुढील भागात असून ते सुमारे ४० अश्वशक्ती निर्माण करते. इंधन व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये होते आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर असतो. सुरुवातीच्या अवंतीत रेनॉ कंपनीचे टर्बो पद्धतीचे १,९९८ सीसी इंजिन असून त्याची शक्ती सुमारे २५० अश्वशक्ती होती. हे इंजिन आसनांच्या मागे, मागील आसाच्या पुढे बसवलेले असल्यामुळे वजनाचा भार मागील चाकांवर अधिक येतो व वेग घेताना पकड वाढते. अवंतीचे बाह्यांग संमिश्र पदार्थाचे, तर फियाटचे पोलादी पत्र्याचे आहे.

वेग व ब्रेक

लासूर स्टेशन ज्या गंगापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याच्या सपाट भागात मोटारींसाठी ताशी १२० किमी ही वेगमर्यादा आहे. सुस्थितीतील फियाटचा कमाल वेगही साधारण तेवढाच आहे. त्यामुळे अशा रस्त्यावर खरा फरक वेगात नसून थांबण्याच्या क्षमतेत असतो. वेग ८० वरून १२० झाला की गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते आणि ती सर्व ब्रेकला शोषावी लागते. फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सतत वापराने ड्रम तापून त्यांची पकड घटते. अवंतीच्या डिस्क ब्रेकमधील उष्णता हवेत लवकर निघून जाते.

कायदेशीर दर्जा

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ मूळ स्वरूपात राहिलेले खासगी वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि नोंदणी १० वर्षे वैध राहते. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच ते रस्त्यावर नेता येते. दैनंदिन किंवा व्यावसायिक वापरास परवानगी नाही.

सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल केल्यास हा दर्जा मिळत नाही. त्यामुळे जुन्या फियाटमध्ये आधुनिक इंजिन बसवून ती वेगवान करता येते, परंतु तिचे विंटेज म्हणून असलेले मूल्य संपते.